मित्राला क्लबने नाकारलं, आता मी राजीनामा देऊ का?

प्रश्न : मी ५२ वर्षांचा आहे आणि ९ वर्षांपासून एका खासगी गोल्फ क्लबचा सभासद आहे. माझा शाळेपासूनचा एक मित्र लहानपणी, घरची ओढाताण होती तेव्हा, एका गोल्फ कोर्सवर कॅडीचं काम करायचा. दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहताच तो खेळ शिकला. आज त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, हँडिकॅप ८ आहे (हा आकडा जितका कमी, तितका खेळाडू चांगला) आणि गोल्फ त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो. त्याला सभासद करून घ्यावं म्हणून मी सूचक झालो, आणखी एकाने अनुमोदन दिलं. त्याआधी पाहुणा म्हणून त्याला दोनदा खेळायला नेलं होतं. पहिल्यांदा तो बिनकॉलरच्या टी-शर्टात आला, तेव्हा त्याला तिथल्याच दुकानातून शर्ट विकत घेऊन घालावा लागला. दुसऱ्यांदा व्हरांड्यात त्याचा फोन वाजला आणि खेळ संपल्यावर तो कॅडींच्या शेडमध्ये जाऊन तासभर गप्पा मारत बसला. पाहुण्यांना तिकडे मनाई आहे हे मलाही धड ठाऊक नव्हतं.

समितीने त्याचा अर्ज फेटाळला. कारण दिलं नाही, तशी पद्धतच नाही. पण समितीतल्या एका ओळखीच्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘शर्ट आणि फोन हे निमित्त झालं. ज्याने बॅगा उचलल्या त्याच्याबरोबर एका टेबलावर कसं बसायचं, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं.’ मला रात्रभर झोप लागली नाही. याला तीन आठवडे झाले. मित्र विचारतो तेव्हा मी ‘अर्ज अजून विचाराधीन आहे’ असं सांगतो. राजीनामा द्यावा असं रोज वाटतं. बायको म्हणते, मुलं तिथे खेळतात, माणसं जोडली गेली आहेत, क्लबाचे नियम बदलणारे आपण कोण? मी काय करू?
– एक सभासद

उत्तर :

सगळ्यात आधी मित्राला खरं सांगा. राजीनामा, पत्र, समिती हे सगळं त्यानंतर.

तुम्हाला वाटत असेल की तुम्ही त्याचं मन जपताय. पण अशी बातमी क्लबात लपून राहत नाही. टेबलावर बोललेलं वेटर ऐकतो, गाडीत बोललेलं ड्रायव्हर ऐकतो आणि आठवड्याभरात ते कॅडींच्या शेडपर्यंत पोचतं. तुमच्या मित्राची तिथल्या माणसांशी तासाभरात जेवढी ओळख झाली तेवढी तुमची ९ वर्षांत झाली नसेल. उद्या त्याला हे त्यांच्यापैकी कुणाकडून कळलं, तर समितीने नाकारल्याचं दुःख मागे पडेल आणि तुम्ही तीन आठवडे खोटं बोललात एवढंच त्याच्या मनात उरेल. समितीचं वागणं तुमच्या हातात नव्हतं, पण हे आहे.

फोनवर सांगू नका. त्याच्या घरी जा, किंवा दोघांना मोकळेपणी बोलता येईल अशा ठिकाणी भेटा, आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. ‘तुझा अर्ज नामंजूर झाला. समितीने कारण दिलेलं नाही. मला हे तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, पण तुला सांगायचा धीर झाला नाही. ते चुकलं माझं.’ एवढं बोला आणि थांबा. शर्टाचं, फोनचं लगेच काढू नका. तुम्ही स्वतःहून ते बोललात की समितीचं निमित्त तुम्हीच त्याच्या पदरात टाकल्यासारखं होईल.

तो ‘का’ म्हणून विचारेलच. तेव्हा ती बाजूला घेऊन सांगितलेली गोष्ट सांगायची का? मी यावर बराच विचार केला. सांगावी असं माझं ठाम मत आहे. लपवलीत तर तो पुढची कित्येक वर्षं त्या बिनकॉलरच्या शर्टाला दोष देत राहील. आपल्याला रीत कळली नाही, आपण कमी पडलो, असं त्याला वाटत राहील. माणसाला खोट्या कारणाची लाज वाटत राहणं हे खऱ्या कारणाच्या रागापेक्षा फार वाईट. फक्त दोन पथ्यं पाळा. सांगणाऱ्याचं नाव घेऊ नका, कारण समितीतली चर्चा बाहेर न नेण्याचं बंधन त्याच्यावर होतं आणि त्याने ते तुमच्यावर विश्वास टाकून मोडलं. आणि ही सांगोवांगी आहे, समितीचा लेखी निर्णय नाही, हेही स्पष्ट करा. दोघा-तिघांचं बोलणं म्हणजे अख्खा क्लब नव्हे, हे त्याला कळायला हवं, आणि तुम्हालाही.

आता तुमच्या पत्राबद्दल थोडं. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गुंतवळ झाली आहे आणि ती सोडवल्याशिवाय समितीसमोर तुमची बाजू उभी राहणार नाही. शर्ट, फोन, शेड हे एकीकडे. ‘बॅगा उचललेला माणूस’ हे पूर्ण वेगळं.

पहिल्या भागात चूक झाली आणि ती तुमची आहे. जवळपास प्रत्येक क्लबात पाहुण्याच्या वागण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या सभासदावर असते. तसं नियमावलीतच लिहिलेलं असतं. आदल्या दिवशी एक निरोप पाठवला असतात की कॉलरचा शर्ट घाल, जीन्स नको, फोन गाडीत ठेव, तर पहिल्याच दिवशी चारचौघांत त्याच्यावर शर्ट बदलायची वेळ आली नसती. सूचक होणं म्हणजे नुसती सही करणं नव्हे, समोरच्याला त्या जागेची वहिवाट समजावून देणं हेही त्यात येतं. हे बोलायला कठोर आहे, पण पुढे समितीला पत्र लिहाल तेव्हा तुमच्या हातून झालेलं आधीच कबूल केलेलं असलं, तर त्यांच्याकडे बोट दाखवायला तेवढी एक जागा कमी उरेल.

गोल्फ क्लबांचे कडक नियम ऐकले की बाहेरच्या माणसाला सगळाच बडेजाव वाटतो. तसं नाही. दर १० मिनिटांनी चौघांचा एक गट सोडला तर तासाला २४ माणसं टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, निघतात, सकाळच्या ६ तासांत १४४. कितीही पैसे असले, कितीही वशिला असला, तरी १८ होल्सच्या कोर्सवर त्याहून फार जास्त माणसं मावत नाहीत, आणि प्रत्येक गटाला फेरी पुरी करायला चार-साडेचार तास लागतात. मधल्या एका गटाने रेंगाळून १० मिनिटं घालवली की मागच्या सगळ्या गटांची १० मिनिटं जातात. म्हणून सभासदसंख्येला मर्यादा, म्हणून प्रतीक्षा यादी, म्हणून पाहुण्यांना ठरावीकच दिवस. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी ५ मिनिटं मिळायची, २०१९ पासून ३ मिळतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतालच्या हिरवळीवरचं, गवत तीन-चार मिलिमीटरांवर राखलेलं असतं. वरून पडलेल्या चेंडूचा खड्डा ज्याचा त्याने लगेच नीट केला नाही तर तिथलं गवत मरतं आणि पुढचे कित्येक दिवस तिथून जाणारा प्रत्येकाचा पट, म्हणजे होलकडे घरंगळत मारलेला फटका, चुकतो. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर पडताना वाळू सारखी करायची, लोखंडी खिळ्यांचे बूट घालायचे नाहीत, चेंडू कुणाच्या दिशेने जाताना दिसला की जिवाच्या आकांताने ‘फोर’ ओरडायचं. साध्या हौशी खेळाडूचा चेंडूसुद्धा ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. यातला एकही नियम उगाच आलेला नाही. तुमच्या मित्राला हे सगळं तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार, कारण खड्डे बुजवणं आणि वाळू सारखी करणं ही कामं त्याने लहान वयात दुसऱ्यांसाठी केली आहेत.

फोनचा नियमही मी याच बाजूला धरते. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या क्लबावर दरवर्षी मास्टर्स स्पर्धा होते. तिथे प्रेक्षकांनाही मोबाइल आत नेता येत नाही आणि आवारात पळायलाही बंदी आहे. लोक कुरकुरतात, पण पाळतात, कारण तो नियम फाटकावरच सांगितला जातो आणि सगळ्यांना सारखा लागू होतो.

कपड्यांच्या नियमाला खेळातून येणारं कारण सापडत नाही, हे मला मान्य आहे. कॉलर नसली म्हणून चेंडू वाकडा जात नाही. हे नियम बदलतही असतात. पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने, २०१९ मध्ये खेळाडूंना सरावाच्या फेरीत हाफ पँट घालायला परवानगी दिली, त्याआधी तेवढंही चालत नव्हतं. तरीसुद्धा हा नियम मी सोसण्याजोगा मानते, कारण तो उघड लिहिलेला आहे, अध्यक्षालाही लागू आहे आणि तो पाळणं माणसाच्या हातात असतं. तुमच्या मित्राने शर्ट विकत घेतला, घातला, विषय संपला.

लहानपणी कॅडी असणं ही गोष्ट मात्र त्याला आता कुठल्याही दुकानातून बदलून आणता येणार नाही. तुमच्या क्लबाच्या नियमावलीत ‘कॅडीचं काम केलेल्यास सभासदत्व मिळणार नाही’ असं वाक्य नसणार. कुणी लिहिणारही नाही, कारण लिहिलं तर ते वाचून त्याच दोघा-तिघांना मान खाली घालावी लागेल. म्हणून ते बंद दाराआड बोललं जातं आणि बाहेर शर्टाचं नाव पुढे केलं जातं. मला चीड आहे ती याची. ज्याच्या खांद्याला आपली बॅग चालते, ज्याच्या नजरेवर विश्वास ठेवून आपण पटची रेषा ठरवतो, त्याच्या शेजारी बसायला लाज वाटावी, हा निव्वळ पंक्तिप्रपंच आहे आणि गोल्फच्या नावावर तो खपवून घेऊ नये.

गोल्फच्या नावावर म्हणायचं कारण असं, की मुळात हा खेळ इतका बंदिस्त नव्हता. एडिंबरोच्या खेळाडूंनी १७४४ मध्ये लीथच्या सार्वजनिक माळावर स्पर्धेसाठी १३ नियम लिहिले. आज उपलब्ध असलेले गोल्फचे सगळ्यात जुने नियम ते हेच. चेंडू पाण्यात गेला तर काय, वाटेत कुत्रा आला तर काय, हे सगळं त्यांत आहे. पेशा, कूळ, कपडे यांबद्दल त्यांत अक्षर नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, ज्याला गोल्फचं माहेर म्हणतात, तो आजही सार्वजनिक आहे. रविवारी तिथे सहसा गोल्फ बंद असतो आणि कुणीही येऊन फेअरवेवरून फिरू शकतो.

भिंती नंतर उभ्या राहिल्या, आणि त्यांचा पहिला मार बसला तो हा खेळ पोटासाठी खेळणाऱ्यांना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यावसायिक खेळाडूंना बऱ्याच क्लबहाउसांत पाऊल ठेवता येत नसे. स्पर्धा ते खेळणार, गर्दी त्यांच्यासाठी जमणार, पण बूट बदलायचे बाहेर. वॉल्टर हेगन स्वतः कॅडी म्हणून खेळात आलेला. इंग्लंडमध्ये डील इथे १९२० च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेला त्याला क्लबहाउसमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याने भाड्याची आलिशान गाडी क्लबहाउससमोर उभी केली आणि तिलाच आपली खोली केलं. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबने यूएस ओपनसाठी आपलं क्लबहाउस व्यावसायिकांना पूर्ण खुलं केलं. खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबाला एक भलंमोठं उभं घड्याळ भेट दिलं. नुसतं दार उघडल्याबद्दल माणसं एवढी कृतज्ञ होतात, यावरून ते दार आधी किती लागलं असेल याचा अंदाज येतो.

फ्रान्सिस विमेटची गोष्ट तर तुमच्या समितीच्या भिंतीवर लावावी अशी आहे. बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला द कंट्री क्लब आहे. विमेट त्याच्या समोरच्या घरात वाढला आणि त्याच क्लबात कॅडीचं काम करायचा. १९१३ मध्ये, २० वर्षांचा असताना, त्याच कोर्सवर त्याने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या त्या काळच्या दिग्गजांना प्ले-ऑफमध्ये हरवून यूएस ओपन जिंकली. त्याची बॅग धरायला १० वर्षांचा एक पोरगा होता. आणि १९५१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने या कॅडीला आपला कॅप्टन, म्हणजे क्लबप्रमुख, केलं. त्या पदावर आलेला तो पहिला अमेरिकन. खेळातल्या सगळ्यात जुन्या आणि मानाच्या क्लबांपैकी एकाला बॅगा उचललेला माणूस कॅप्टन म्हणून चालला, आणि तुमच्या क्लबातल्या दोघा-तिघांना तो टेबलावर चालत नाही.

आता राजीनाम्याकडे येते.

तुमच्या आधी हा प्रसंग एका फार मोठ्या खेळाडूवर आला होता. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेले टॉम वॉटसन कॅन्सस सिटी कंट्री क्लबचे सभासद होते. १९९० मध्ये त्या क्लबाने हेन्री ब्लॉक या प्रतिष्ठित उद्योजकाला नाकारलं. ब्लॉक ज्यू होते, वॉटसन यांची पत्नीही ज्यू. वॉटसन यांनी राजीनामा दिला आणि त्याचा गाजावाजा झाला. पुढे क्लबाने ब्लॉक यांना घेतलं आणि काही वर्षांनी वॉटसनही परतले. म्हणजे राजीनाम्याने काम होतं. पण त्यात दोन गोष्टी होत्या. माणूस असा होता की त्याचं जाणं लपवता येणारं नव्हतं. आणि तो का जातोय हे सगळ्यांना कळलं.

तुमचा राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’ म्हणून सचिवाच्या फाइलीत जाईल. प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस आत येईल आणि त्या दोघा-तिघांचं मत आणखी एकाने वजनदार होईल. याच्या उलटचं उदाहरण स्कॉटलंडच्या म्यूरफील्डचं. १७४४ चे ते १३ नियम ज्यांनी लिहिले त्यांचाच हा क्लब. स्त्रियांना सभासद करून घ्यायचं का यावर तिथे मे २०१६ मध्ये मतदान झालं. ६४ टक्के बाजूने पडले, पण दोन तृतीयांश मतं लागत होती, ठराव पडला. ब्रिटिश ओपन स्पर्धा आता म्यूरफील्डला होणार नाही, असं ती भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने लगेच जाहीर केलं. मार्च २०१७ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि ८० टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. २०२२ मध्ये महिलांची ओपन त्याच कोर्सवर खेळली गेली. बाहेरून दडपण आलं हे खरंच आहे, पण मत टाकलं ते आतल्यांनी. पहिला ठराव पडल्यावर ते ६४ टक्के रागावून निघून गेले असते, तर दुसऱ्या वेळी कुणी जिंकवलं असतं?

म्हणून माझा सल्ला : आत्ता राजीनामा देऊ नका. पण गप्पही बसू नका. आत राहून मूग गिळायचे असतील तर त्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं.

पहिल्यांदा तुमच्या क्लबाची घटना आणि पोटनियम काढा आणि शांतपणे वाचा. बहुतेक सभासदांनी ते कधी उघडलेलेही नसतात. अर्ज फेटाळायला किती मतं लागतात, मतदान गुप्त असतं का, सूचकाला फेरविचार मागता येतो का, नाकारलेल्याने किती काळाने पुन्हा अर्ज करायचा, हे सगळं तिथे असतं. पूर्वी पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकून मत देत आणि कित्येक क्लबांत एक-दोन काळ्या गोट्या निघाल्या की माणूस बाद. गोट्या गेल्या तरी त्या पद्धतीचा आत्मा अजून काही पोटनियमांत आहे. तुमच्याकडे दोन-तीन विरोधी मतांवर अर्ज पडत असेल तर खरं दुखणं तिथे आहे, आणि त्यावर इलाज करता येतो. क्लब सभासदांच्या मालकीचा आहे की एखाद्या कंपनीचा, हेही पाहा. कंपनीचा असेल तर सर्वसाधारण सभेला फारसा अधिकार नसतो आणि बोलणं मालकांशी करावं लागतं.

कायद्याचा आधार मिळेल का, हे तुमच्या देशातल्या वकिलाला विचारा, पण फार आशा ठेवू नका. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात २५ किंवा त्याहून जास्त सभासद असलेल्या क्लबांनाही वंश, धर्म, अपंगत्व अशा कारणांवरून माणसाला डावलता येत नाही. त्या यादीत पूर्वीचा पेशा किंवा गरिबी नाही. ही लढाई बहुधा कोर्टात नव्हे, क्लबातच लढावी लागेल.

मग ज्यांनी अनुमोदन दिलं त्यांना भेटा. त्यांचंही नाव त्या अर्जावर होतं, त्यांचाही अपमान झाला आहे, आणि तुम्ही दोघं मिळून गेलात तर ते एकट्याचं रडगाणं वाटणार नाही. सचिवांना एका पानाचं पत्र द्या. ‘का नाकारलं’ असं विचारू नका, त्याला ‘कारण देण्याची प्रथा नाही’ हे उत्तर तयार आहे. असं लिहा : ‘आम्ही सुचवलेला अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. पाहुणा असताना त्यांच्याकडून पोशाख, फोन आणि कॅडी-शेडबाबत नियमभंग झाला. त्यांना नियमांची पूर्वकल्पना देण्यात सूचक कमी पडला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पात्रतेची कुठली लेखी अट पूर्ण झाली नाही, एवढंच समितीने कळवावं. तसंच अर्जदाराचा पूर्वीचा पेशा हा विचारात घेतलेला मुद्दा नव्हता, याची खात्री द्यावी.’ या शेवटच्या वाक्याला ‘हो’ म्हणायचं तर खोटं लिहावं लागेल, ‘नाही’ म्हणायचं तर उघडं पडावं लागेल. समितीत चार सज्जन असतीलच, त्यांना बोलायला यामुळे वाव मिळेल. हे सगळं सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे दोन तासांत तट पडतात आणि नंतर कुणालाच मागे येता येत नाही.

ज्याने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं त्याच्याकडेही जा. त्याला एवढंच विचारा, ‘हे तू समितीत बोलशील का?’ तो तयार झाला तर उत्तम. नाही म्हणाला तर त्याचे शब्द कुठेही वापरू नका, पण तो त्या खोलीत बसून काय करत होता, हे त्याच्या मनात राहू द्या.

उत्तर समाधानकारक आलं नाही तर पुढच्या वार्षिक सभेत ठराव मांडा. मित्राच्या नावाचा नाही, पद्धतीचा. अर्जावरचा आक्षेप लेखी आणि सहीनिशी घ्यावा, तो सूचकाला कळवावा आणि अर्जदाराचा पेशा किंवा घराणं हा आक्षेप ग्राह्य धरू नये. खासगी क्लबाने आपल्यात कोण असावं हे ठरवू नये असं मी म्हणत नाही. माणसं एकत्र येऊन आपला गट करतात, त्यात मुळात गैर काही नाही. कारण न सांगण्यामागेही एक चांगला हेतू असतो, नाकारलेल्या माणसाची चर्चा गावभर होऊ नये हा. पण त्याच आडोशाने कुणाच्या गरिबीचा हिशेब मांडला जात असेल, तर तो आडोसा काढावाच लागतो. एका वार्षिक सभेपर्यंत स्वतःला मुदत द्या. ठराव मांडूच दिला नाही किंवा मोठ्या फरकाने पडला, तर राजीनामा द्या, कारण लिहून द्या, आणि त्याची प्रत कॅप्टनपासून प्रत्येक समिती सदस्याला पाठवा.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी हलकं मानत नाही. मुलांचे मित्र, ओळखी, काहीजण बोलणं तोडतील ही भीती, हे सगळं खरं आहे आणि त्याची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागेल. म्हणून पत्र देण्याआधी ते त्यांना वाचून दाखवा. पण ‘नियम बदलणारे आपण कोण’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : सभासद. वर्गणी भरता, मत आहे, तेवढ्यासाठीच ते दिलेलं आहे. मुलांनाही झालं ते त्यांच्या वयाला झेपेल असं सांगा. ती त्याच कोर्सवर कॅडींबरोबर फिरतात, त्यांच्याशी कसं बोलायचं हे ती तुमच्याकडे बघूनच शिकणार.

ती शेडची गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. पाहुण्यांनी तिकडे जाऊ नये हा नियम वाईट नाही. ती त्यांची विसाव्याची, पाळीची वाट बघायची जागा आहे, सभासदांच्या डोळ्यांपासून दूर तेवढीच एक. पण तुमचा मित्र तिथे बसला तेव्हा कुणाची जागा अडली होती? तुम्ही स्वतः एकदा बघा, त्या शेडला पंखा आहे का, प्यायचं पाणी आहे का, पावसात बसायला कोरडी जागा आहे का. अमेरिकेत चिक इव्हान्स या कॅडीपासून विजेता झालेल्या खेळाडूने सुरू केलेल्या निधीतून १९३० पासून कॅडींच्या महाविद्यालयीन शिक्षणाला शिष्यवृत्त्या मिळत आल्या आहेत. तुमच्या क्लबात असं काही नसेल तर तोही ठराव त्याच सभेत आणता येईल, आणि त्याला विरोध करायला हात वर करणं बऱ्याच जणांना जड जाईल.

राहिला मित्र. त्याच्या परवानगीशिवाय यातलं एकही पाऊल टाकू नका. पत्र त्याला दाखवा, मगच द्या. त्याच्यासाठी तुम्ही किती झगडताय हे त्याला ऐकवत बसू नका, आणि उद्या राजीनामा दिलात तर ‘तुझ्यासाठी सोडलं’ असं कधीही म्हणू नका, ते ओझं त्याचं नाही. कदाचित तो म्हणेल, ‘मला त्या क्लबात यायचंच नाही आता, माझं नाव कुठे घेऊ नकोस.’ तसं झालं तर सचिवांना नाव न घेता पद्धतीबद्दल लिहा. आणि तो जिथे नेहमी खेळतो त्या कोर्सवर त्याच्याबरोबर जायला लागा, या वेळी त्याचे पाहुणे म्हणून. तिथले नियम काय आहेत ते आदल्या दिवशी त्याला विचारून घ्या.